जेऊरची दोन मिनिटं आणि सूर्याच्या ध्रुवावरचे तुरे

चितेगावातून, आपल्या नेहमीच्या मागच्या खोलीतून बोलतोय. मधूनच ट्रकचा हॉर्न ऐकू येईल, पैठण रोड आहे, त्याला इलाज नाही. आणि ज्यांना ऐकायला वेळ नसतो त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं... अं...' काढून टाकलेत.

आजची गोष्ट एका चुकीपासून सुरू होते, आणि चूक माझीच आहे. इंजिनिअरिंगला असताना पुण्याला जाता-येता आमची एसटी नगरच्या अलीकडे जेऊरवरून जायची. परवा वाचता वाचता कळलं की १८९८ साली अमेरिकेतले शास्त्रज्ञ सूर्यग्रहण बघायला थेट जेऊरला आले होते. मी म्हटलं, आयला, आपलं जेऊर! दोन मित्रांना सांगूनसुद्धा मोकळा झालो. मग रात्री नकाशावर ग्रहणाचा पट्टा काढून बघितला, तर नगरचं जेऊर पट्ट्याच्या पार बाहेर. ग्रहणाचं जेऊर वेगळंच. ते सोलापूर जिल्ह्यातलं, करमाळा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर रेल्वेलाइनवरचं स्टेशन.

नाव जुळलं म्हणून मी गाव जुळवून टाकलं. ही चूक लक्षात ठेवा. आजचा सगळा भाग याच चुकीबद्दल आहे, फक्त तिथे गावाच्या जागी सूर्य आहे.

तर, २२ जानेवारी १८९८. शनिवार आणि अमावास्या. म्हणजे शनी अमावास्येला सूर्यग्रहण! आपल्याकडे त्या दिवशी किती जणांनी दारं लावून घेतली असतील, विचार करा. चंद्राची सावली अरबी समुद्रावरून आली आणि कोकणात विजयदुर्गाजवळ जमिनीवर चढली. तिथून घाट ओलांडून सोलापूर जिल्ह्यात, मग वऱ्हाडात, पुलगाव, नागपूर करत पुढे मध्य भारतात गेली. आपलं चितेगाव या पट्ट्याच्या उत्तरेला राहिलं. इथेही सूर्य जवळजवळ झाकला गेला असणार. पण खग्रास ग्रहणात 'जवळजवळ'ला किंमत नसते. सूर्याचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी त्याचा उजेड आपल्याला जे बघायचंय त्याच्या हजारो पट जास्त असतो.

बघायचं काय असतं? सूर्याभोवतीचं प्रभामंडळ. इंग्रजीत त्याला करोना म्हणतात. हो, तोच शब्द, मुकुट या अर्थाचा. सूर्याच्या बाहेरचं हे विरळ, तापलेलं वातावरण. तापमान दहा लाख अंशांच्या घरात, पण इतकं विरळ की त्याचा उजेड सूर्यबिंबाच्या साधारण दहा लाखावा भाग. रोज ते तिथेच असतं, फक्त दिसत नाही. चंद्राने सूर्य पूर्ण झाकला की तेवढ्यापुरतं उघडं पडतं.

त्या वर्षी हा पट्टा महाराष्ट्रातून जात होता, म्हणून जगभरातले लोक इथे आले. विजयदुर्गाला सर नॉर्मन लॉकियर आले. इथे एक गैरसमज दुरुस्त करू या. 'विजयदुर्गावरून १८६८ साली लॉकियरनी हेलियम शोधला' असा मेसेज दरवर्षी १८ ऑगस्टला आपल्या फोनवर येतो. १८६८ च्या ऑगस्टमधलं ग्रहण भारतातून दिसलं, हे खरं. पण लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गाला ते आले १८९८ मध्ये, तीस वर्षांनी. किल्ल्याचं महत्त्व त्याने कमी होत नाही, पण साल बदलतं.

वऱ्हाडात तळणीला ब्रिटिश हौशी खगोलप्रेमींचा तळ होता. त्यात वॉल्टर आणि अ‍ॅनी माँडर हे जोडपं होतं आणि जॉन एव्हरशेड नावाचा एक तरुण होता. हे एव्हरशेड नाव डोक्यात ठेवा, शेवटी लागणार आहे. आणि जेऊरला दोन मोठे तळ पडले. एक कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचा, विल्यम कॅम्पबेल यांच्या हाताखाली. दुसरा पुण्याचा. तो कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा.

काळ कसला होता? मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातलेलं. पुण्यात आदल्याच वर्षी, जून १८९७ मध्ये, चापेकरांनी रँडवर गोळी झाडली होती. त्याच्या आधीचं वर्ष दुष्काळाचं. अशा दिवसांत पुण्याहून एक प्रोफेसर पेट्यांमध्ये भिंगं आणि फोटोच्या काचा भरून जेऊरच्या माळावर जातो. कशासाठी, तर दोन मिनिटांच्या अंधारासाठी. जेऊरला खग्रास स्थिती सुमारे दोनच मिनिटं टिकली.

हे नायगमवाला कोण? मुंबईचे पारशी, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवायचे. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्याकडून त्यांनी पाच हजार रुपये मिळवले, आणि सरकारनेही तेवढीच भर घातली. त्यातून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. कॉलेज ऑफ सायन्स म्हणजे आजचं सीओईपी. माझे अर्धे मित्र तिथे शिकले, त्यातल्या एकालाही हे माहीत नाही. डब्लिनच्या ग्रब कंपनीची वीस इंची आरशाची दुर्बीण तिथे होती. त्या काळी भारतात तिच्याएवढी मोठी दुसरी नव्हती.

आता जेऊरच्या माळावर या. कॅम्पबेल यांच्याकडे चाळीस फुटी कॅमेरा होता. चाळीस फूट म्हणजे बारा मीटरच्या वर. एवढा लांब कशाला? लांबी जितकी जास्त, तितकी काचेवरची प्रतिमा मोठी. या कॅमेऱ्यात सूर्याचं बिंब साडेचार इंचांचं उमटतं, साधारण आपल्या स्टीलच्या लहान वाटीएवढं. कॅमेरा जमिनीला पक्का बसवलेला, हलायचा नाही. आत फोटोची काच मात्र सूर्याच्या चालीने सरकत राहायची. या कॅमेऱ्याला त्याच्या कर्त्याचं नाव होतं, शेबर्ले. हेही नाव लक्षात ठेवा.

दुसरी अडचण उजेडाची. प्रभामंडळ सूर्याच्या काठाजवळ बरंच उजळ असतं. तिथून दोन-तीन त्रिज्या दूर गेलात की उजेड हजार पटीने कमी. काच कमी वेळ उघडली तर बाहेरचं काही येत नाही, जास्त वेळ उघडली तर आतलं सगळं पांढरं होतं. तुमच्या फोनमध्ये एचडीआर मोड असतो ना? तो एकापाठोपाठ वेगवेगळ्या उजेडाचे फोटो घेतो आणि एकत्र करतो. १८९८ मध्ये हेच हाताने करायचे. एक काच थोडी उघडायची, दुसरी जास्त, तिसरी आणखी जास्त. सगळं दोन मिनिटांत, अंधारात, आधी कित्येकदा केलेल्या तालमीच्या भरवशावर. चुकलं तर पुन्हा नाही.

दोन्ही तळांचं काम झालं. आकाश साथीला होतं. नायगमवाला यांनी जेऊरच्या वेधांचा अहवाल १९०२ मध्ये मुंबईत छापला.

आता मुख्य विषयाकडे येऊ. त्या काळातले प्रभामंडळाचे फोटो बघितले की एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते. सूर्याच्या विषुववृत्ताकडे लांबलचक पंख पसरलेले, आणि वर-खाली, दोन्ही ध्रुवांवर, बारीक बारीक उजळ तंतू. मधला सरळ उभा, बाजूचे थोडे कललेले, त्याच्या बाजूचे आणखी कललेले. फेट्याचा तुरा कसा वर उघडत जातो, तसे. शास्त्रज्ञ त्यांना 'पोलर प्लूम' म्हणतात, मी तुरेच म्हणणार. सूर्याच्या डागांचं साधारण अकरा वर्षांचं चक्र असतं. ते उताराला लागलं की हे तुरे छान उठून दिसतात, आणि १८९८ मध्ये चक्र उतारालाच होतं.

तुम्ही हे चित्र आधी कुठे बघितलंय? शाळेत! चुंबकावर कागद, कागदावर लोखंडाचा कीस, आणि टिचकी मारली की कीस रांगेत उभा. आमच्याकडे इथे शाळेच्या प्रयोगशाळेची वाटच बघावी लागायची नाही. आजूबाजूच्या वर्कशॉपमध्ये लेथखाली कीस पडलेला असायचा आणि फुटक्या स्पीकरमधून चुंबक निघायचं. चुंबकाच्या टोकाशी जो झुपका उभा राहतो तो आणि सूर्याच्या ध्रुवावरचा तुरा शेजारी शेजारी ठेवा. सख्खे भाऊ वाटतील.

हे साम्य एकोणिसाव्या शतकातल्या लोकांनाही दिसलं होतं. प्रश्न असा की, दिसतं सारखं, म्हणून आहे सारखं का?

फ्रँक बिगेलो नावाच्या अमेरिकनाने १८८९ मध्ये हे गणितात बसवलं. त्याने वीज आणि चुंबक यांच्या अभ्यासातली सूत्रं घेतली, ग्रहणाच्या फोटोंवरून तंतूंचे कोन मोजले, आणि दाखवलं की ध्रुवावरचे तंतू त्या सूत्रांच्या रेषांवर बऱ्यापैकी बसतात. तुऱ्यांच्या आकाराचं हे पहिल्या मॉडेलांपैकी एक. लक्षात घ्या, सूर्यावर चुंबकत्व आहे याचा तेव्हा कसलाही पुरावा नव्हता. होता तो फक्त आकार.

त्याच सुमाराला दुसरा माणूस म्हणाला, एवढ्यात चुंबकावर जाऊ नका. हा तोच शेबर्ले, जेऊरच्या कॅमेऱ्याचा कर्ता. त्याचं म्हणणं होतं की सूर्याच्या डागांच्या पट्ट्यातून पदार्थांचे झोत बाहेर फेकले जातात. आपल्याला ते एकावर एक पडलेले दिसतात, म्हणून वळणदार तंतू असल्याचा भास होतो. हे दाखवायला त्याने एका चेंडूत सुया टोचल्या, चेंडू उजेडात धरला आणि त्याची सावली बघितली. चेंडू फिरवला की सावली बदलायची, आणि काही कोनांतून ती प्रभामंडळासारखी दिसायची. बस्स. चुंबक नाही, वीज नाही. चेंडू, सुया आणि सावली.

दोन मॉडेल. दोघांचं चित्र जुळतंय. आता खरं कोणाचं?

इथे मी माझा एक उद्योग सांगतो. ऑफिसचं काम संपवून मी पायथनमध्ये चाळीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. साध्या चुंबकाच्या, म्हणजे द्विध्रुवाच्या, रेषा काढणं सोपं आहे. केंद्रापासूनचं अंतर हे ध्रुवापासूनच्या कोनाच्या साइनच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, संपलं. त्या रेषा मी २०१७ च्या अमेरिकेतल्या ग्रहणाच्या फोटोवर ठेवल्या. पहिल्यांदा जरा चुकल्या. मग चुंबक थोडं वर सरकवलं, थोडं लांब केलं, एक-दोन आकडे इकडेतिकडे केले. आणि जुळलं! रात्री दीड वाजता मी खुर्चीवरून उठलो, बिगेलोच झालो होतो म्हणा ना.

मग जरा शांत डोक्याने दुसरा प्रोग्राम लिहिला. यात चुंबक नाहीच. ध्रुवाच्या खाली, सूर्याच्या पोटात एक बिंदू घ्यायचा आणि त्यातून सरळ रेषा सोडायच्या, सायकलच्या चाकाच्या तारांसारख्या. बिंदू योग्य जागी ठेवला, तर सूर्याच्या काठाजवळ तेही जवळपास तितकंच जुळलं! खुर्चीत परत बसलो. फिरवायला पुरेशी बटणं असली की मॉडेल कशावरही बसतं. आमच्या कामात हे रोज होतं. जुन्या डेटावर झकास चालणारं मॉडेल नवीन डेटा आला की तोंडावर पडतं.

म्हणून 'जुळतंय का?' एवढं विचारून भागत नाही. 'कुठे जुळत नाही?' हे विचारावं लागतं. तुऱ्यांच्या बाबतीत तो प्रश्न दोन ठिकाणी विचारता येतो.

पहिलं ठिकाण सूर्याच्या काठाशी. ध्रुवापासून १० अंशांवर उगवलेला एक तुरा घ्या. तो त्रिज्येच्या दिशेने सरळ बाहेर गेला, तर सूर्याच्या अक्षाशी १० अंशांचा कोन करेल. साध्या द्विध्रुवाच्या रेषेवर असेल, तर सुमारे १५ अंशांचा. आणि फोटोत मोजला तर तो त्याहूनही जास्त कललेला निघतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर नेदरलँड्सच्या व्हान डे हुल्स्ट यांनी आणि मग १९५८ आणि १९६५ मध्ये जपानच्या कुनिजी सैतो यांनी हे नीट तपासलं. तुऱ्यांच्या रेषा मागे वाढवल्या तर त्या सूर्याच्या केंद्रात भेटत नाहीत. केंद्र आणि ध्रुव यांच्यामध्ये, अर्ध्याच्याही वर, ध्रुवाच्या बाजूला भेटतात. साध्या द्विध्रुवाच्या हिशेबाने तो बिंदू केंद्रापासून एक तृतीयांश त्रिज्येवर यायला हवा. म्हणजे सूर्य हा शाळेतला साधा चुंबक नाही. त्याच्या ध्रुवांवर चुंबकीय रेषांची दाटी जास्त आहे आणि वर जाताना त्या जास्त वेगाने फाकतात.

दुसरं ठिकाण सूर्यापासून दूर. कागदावरच्या किसाच्या रेषा एका टोकातून निघतात, वळतात आणि दुसऱ्या टोकाला परत येतात. सूर्याचे तुरे परत येत नाहीत! ते बाहेर जातात आणि जातच राहतात. याचं उत्तर १९५८ मध्ये युजीन पार्कर यांनी दिलं. प्रभामंडळ इतकं तापलेलं आहे की सूर्याला ते धरून ठेवता येत नाही, ते सतत बाहेर वाहतं. यालाच सौरवारा म्हणतात. हा वारा चुंबकीय रेषांना सोबत ओढून नेतो. पुढे १९६९ मध्ये काही शास्त्रज्ञांनी मॉडेलमध्ये हे आणायची एक सोपी युक्ती काढली. सूर्याच्या साधारण अडीच त्रिज्यांवर एक काल्पनिक गोल मानायचा. त्याच्या आत चुंबकाचं राज्य, त्याच्या बाहेर सगळ्या रेषा सरळ बाहेर. आजही सूर्याचं मॉडेल करणारी मंडळी सुरुवात बऱ्याचदा इथूनच करतात.

आणि चुंबकत्वाचा पुरावा? तो आकारातून आलाच नाही, वेगळ्याच वाटेने आला. १९०८ मध्ये जॉर्ज हेल यांनी सूर्याच्या डागांच्या वर्णपटात रेषा दुभंगलेल्या दाखवल्या, आणि तशा त्या चुंबकीय क्षेत्रातच दुभंगतात. ध्रुवांवरचं कमजोर क्षेत्र पकडायला तर १९५० चं दशक उजाडलं. बॅबकॉक पिता-पुत्रांनी त्यासाठी खास उपकरण बनवलं. म्हणजे बिगेलोच्या गणितानंतर साठेक वर्षांनी.

म्हणजे बिगेलो बरोबर होता? दिशा बरोबर होती, हो. पण ती बरोबर आहे हे कळायचा मार्ग त्याच्याकडे नव्हता. माझं जेऊर चुकलं, त्याचं बरोबर निघालं. पण दोघांनी केलं एकच, सारखं दिसलं म्हणून जुळवून टाकलं.

बरं, मग शेबर्लेला हसायचं का? अजिबात नाही. त्याचं उत्तर चुकलं, पण शंका पक्की होती. फोटो म्हणजे सावली. खोलीत पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप येते आणि तिच्यात धूळ चमकते, बघितलंय ना? प्रभामंडळात धुळीच्या जागी इलेक्ट्रॉन असतात. सूर्याचा उजेड त्यांच्यावरून विखुरतो, आणि जिथे इलेक्ट्रॉन जास्त तिथे उजळ दिसतं. पण आपल्याला दिसते ती नजरेच्या रेषेतल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांची बेरीज. पुढचे कोणते, मागचे कोणते, फोटो सांगत नाही. त्यामुळे एक उजळ तंतू हा खरोखर खांबासारखा झोत असू शकतो. नाहीतर एखादा पातळ, लांब पडदा असू शकतो, जो आपल्याला नेमका कडेने दिसतोय. घरातला पडदा समोरून बघा, आरपार दिसतं. त्याची घडी कडेने बघा, गडद रेघ. काही तुरे असे पडदेच असावेत, यावर आजही संशोधन चालतं. सुयांचा चेंडू अजून पूर्ण बाद झालेला नाही म्हणायचा!

अवकाशातून बघायला लागल्यावर बरंच उलगडलं. १९७३-७४ च्या स्कायलॅबने, मग डिसेंबर १९९५ मध्ये उडालेल्या सोहो यानाने तुरे ग्रहणाशिवाय दाखवले. आजूबाजूच्या भागापेक्षा तुऱ्यात पदार्थ काही पटींनी दाट असतो. त्यांच्या मुळाशी एकाच जातीच्या चुंबकत्वाची दाट जागा असते. तिच्या शेजारी उलट्या जातीचं छोटं क्षेत्र वर आलं की दोघांची झटापट होते, ऊर्जा सुटते, खालचा वायू तापतो आणि रेषांच्या वाटेने वर चढतो. आणि मला सगळ्यात जास्त हलवून गेलेली गोष्ट ही, की एक तुरा साधारण दिवसभर जगतो. विझतो आणि पुढे काही दिवसांत त्याच जागी पुन्हा उगवू शकतो.

म्हणजे २२ जानेवारी १८९८ च्या दुपारी जेऊरवरून दिसलेले तुरे २४ तारखेला बहुतेक शिल्लक नव्हते. ती दोन मिनिटं कोणी काचेवर उतरवली नसती, तर ते होते हेही कोणाला कळलं नसतं. बिगेलोचं मॉडेल गेलं, शेबर्लेचं गेलं. जुन्या ग्रहणांच्या काचांवरचे कोन मात्र पुढच्या लोकांनी पुन्हा पुन्हा मोजले. मॉडेल मागाहून सुधारता येतं, न घेतलेला फोटो मागाहून घेता येत नाही.

आणि म्हणून मला नायगमवालांच्या वेधशाळेचं वाईट वाटतं. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. सगळा खेळ एका माणसाच्या जिवावर होता, मागे चालवायला कोणी नेमलंच नाही. वीस इंची दुर्बीण आणि बाकीचं सामान दक्षिणेत कोडाइकनालच्या सरकारी वेधशाळेत गेलं. तिथे तेव्हा संचालक कोण होते माहितीये? जॉन एव्हरशेड. तोच तळणीचा तरुण! १८९८ मध्ये एकाच दुपारी एक जण जेऊरला, एक तळणीला, एकाच सावलीत उभे होते. चौदा वर्षांनी एकाची दुर्बीण दुसऱ्याच्या दारात गेली. एव्हरशेड यांचं नाव सूर्याच्या डागांतल्या 'एव्हरशेड परिणामा'मुळे आज पुस्तकात आहे. नायगमवालांचं नाव तुम्ही आज पहिल्यांदा ऐकलं असेल. मीही महिन्याभरापूर्वीच ऐकलं. पुण्यातून निघालेली ती दुर्बीण कोडाइकनालला भावनगर दुर्बीण म्हणून ओळखली जाते, कारण पैसे भावनगरचे होते. देणाऱ्याचं नाव राहिलं, राबणाऱ्याचं पुसट झालं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. २ सप्टेंबर २०२३ ला इस्रोचं आदित्य-एल१ उडालं आणि ६ जानेवारी २०२४ ला ठरलेल्या जागी पोहोचलं. त्यावरचं 'व्हेल्क' हे उपकरण बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने बनवलंय. ते सूर्यबिंब आत झाकून प्रभामंडळ बघतं, म्हणजे हवं तेव्हा ग्रहण. ही संस्था कोडाइकनालच्याच परंपरेतून आलेली आहे. आणि 'सूट' ही दुर्बीण पुण्याच्या आयुकाने बनवली. ती प्रभामंडळ नाही, त्याच्या खालचे थर अतिनील उजेडात बघते. थोडक्यात, तुऱ्यांची मुळं जिथे असतात त्या जमिनीकडे तिची नजर आहे. १९१२ मध्ये पुण्यात सूर्याकडे बघणारा एक डोळा मिटला होता. शंभरावर वर्षांनी पुण्यातच बनलेला दुसरा डोळा पंधरा लाख किलोमीटरवर उघडलाय.

आणखी एक. आपण कायम सूर्याला बाजूने बघतो, म्हणून त्याचे ध्रुव कडेला पडतात आणि सावलीचा घोळ होतो. २०२५ मध्ये युरोपच्या सोलर ऑर्बिटर यानाने विषुववृत्ताच्या १७ अंश खाली जाऊन दक्षिण ध्रुवाकडे नजर टाकली. चेंडू फिरवून बघण्याची शेबर्लेची जी आयडिया होती, ती आता खऱ्या सूर्यावर सुरू झालीय. फरक एवढाच की चेंडू जागेवर आहे, फिरतोय कॅमेरा.

आता थोडं तुमच्यासाठी. भारतातून पुढचं खग्रास ग्रहण २० मार्च २०३४ ला, तेही पार वर, काश्मीर-लडाखच्या बाजूला. मी तेव्हा चाळिशीच्या उंबऱ्यावर असेन. जायचं ठरवलंय. तोपर्यंत घरी एक प्रयोग करा. चुंबकावर कागद ठेवा, कीस टाका आणि टोकाजवळचा फोटो काढा. मग एका बटाट्यात टाचण्या टोचा, बॅटरीच्या उजेडात भिंतीवर सावली पाडा आणि तिचाही फोटो काढा. दोन्ही फोटो घरातल्या लहान पोराला दाखवा आणि विचारा, यातलं सूर्यासारखं कोणतं? पोरगं काय उत्तर देतं ते महत्त्वाचं नाही. 'कशावरून?' असं दुसरं विचारा, तिथून खरी मजा सुरू होते.

आणि करमाळ्याकडचं, जेऊरचं कोणी ऐकत असेल तर माझं एक काम करा. घरातल्या, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. 'भर दुपारी अंधार झाला होता आणि साहेब लोक माळावर तंबू ठोकून बसले होते', अशी काही गोष्ट त्यांच्या आजा-पणज्याकडून आलीये का? तळ नेमका कुठे होता, कोणी दाखवतं का? असेल तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात तुमच्याच आवाजात लावू.

मी मात्र त्या दोन मित्रांना फोन करून सांगितलं, बाबांनो, ते आपलं जेऊर नव्हतं. एक म्हणाला, "मग इतक्या दिवस का नाही सांगितलंस? मी आणखी चार जणांना सांगून बसलो!"

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.